नफ्यात वाटा नाही, तोट्यात मात्र भागीदार

व्यापारी बांधवांनो, भागीदारीचा एक नियम आपण सर्वजण पाळतो. जो नफ्यात वाटेकरी, तोच तोट्यात वाटेकरी. एकाने नफा घ्यावा आणि तोटा शेजाऱ्याच्या वहीत लिहावा, असा सौदा बाजारात कोणी करत नाही. केलाच तर चार माणसे बसून तो मोडून टाकतात. पण रसायनांचा एक मोठा कारखाना शहराच्या कुशीत उभा राहतो, तेव्हा नेमका हाच सौदा होतो. माल कारखान्याचा, नफा कारखान्याचा, आणि जोखीम मात्र भिंतीबाहेर राहणाऱ्या बिडी वळणाऱ्या बाईची, हमालाची, शिंप्याची, पानवाल्याची. या सौद्यावर त्यांची सही कोणी घेतलेली नसते. त्यांना तो झाल्याचे कळतही नाही.

भोपाळच्या दुर्घटनेला चाळीस वर्षे उलटून गेली. दर वर्षी 2-3 डिसेंबरला वर्तमानपत्रांत एक फोटो येतो, दोन ओळी येतात आणि विषय संपतो. आम्हाला आज त्यावर दुःखाचा लेख लिहायचा नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्या दुःखापुढे आमचे शब्द काय कामाचे? आम्हाला व्यापारी म्हणून त्या घटनेची वही उघडायची आहे. कोणी काय वाचवले, कोणी काय गमावले, आणि त्यात आपल्यासारख्या बाजारात बसणाऱ्या माणसाने काय शिकावे, एवढाच प्रश्न आहे.

भिंतीच्या आत काय होते?

युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा कीटकनाशकांचा कारखाना भोपाळच्या उत्तरेला काली परेड मैदानावर होता. 1969 मध्ये तो सुरू झाला. भारतीय कंपनीत अमेरिकन मूळ कंपनीचा हिस्सा 50.9 टक्के होता. सुरुवातीला बाहेरून आणलेला माल मिसळून औषध तयार करण्याचे काम तेथे चाले. पुढे 1980 च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट नावाचे विषारी रसायनही तेथेच बनू लागले. त्यापासून 'सेविन' हे कीटकनाशक तयार होई.

हे रसायन 39 अंश तापमानाला उकळते. म्हणून ते बर्फासारखे थंड ठेवावे लागते आणि पाण्यापासून दूर ठेवावे लागते. पाणी मिसळले की ते तापते, आणि तापले की टाकीत मावत नाही. 610 क्रमांकाच्या टाकीत त्या वेळी सुमारे 40 टन माल होता. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री त्या टाकीत पाणी गेले. पाणी कसे गेले यावर आजही वाद आहे. कंपनीने कोणा कामगाराचा खोडसाळपणा असल्याचे म्हटले. कामगारांनी आणि बहुतेक अभ्यासकांनी ते मानले नाही. पण पाणी गेले, यावर कोणाचाच वाद नाही.

आता धंद्याच्या नजरेने पाहा. कीटकनाशकाचा खप कमी झाला होता. कारखाना क्षमतेपेक्षा बराच कमी चालत होता आणि तोट्यात होता. मंदी आली की मालक खर्च कापतो, हे आपल्याला सांगायला नको. प्रश्न असतो की तो पहिला कोणता खर्च कापतो. तेथे टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच बंद करण्यात आली होती. वायू बाहेर आला तर तो जाळून टाकणारी उंच चिमणी दुरुस्तीसाठी बंद होती. तिचा पाइप काढून ठेवलेला होता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा एवढ्या मोठ्या लोंढ्यासाठी नव्हतीच. पाण्याचे फवारे वायूच्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. त्या विभागातले कामगार बारावरून सहावर आणले होते. कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या नीट वाचू न शकणारे अनेक कामगार तेथे होते.

ही यादी आम्ही मुद्दाम दिली. यात नशिबाचा खेळ फारसा नाही. यात बचत आहे. प्रत्येक बचतीचा रुपया कंपनीच्या खात्यात जमा झाला आणि त्याची जोखीम शहराच्या खात्यात नावे पडली.

भिंतीच्या बाहेर कोण होते?

कारखान्याच्या समोरच जयप्रकाश नगरची झोपडपट्टी. जवळ काझी कॅम्प, छोला, रेल्वे कॉलनी. थोडे पुढे रेल्वे स्टेशन आणि मग भोपाळचे जुने शहर, म्हणजे चौक बाजार, इब्राहिमपुरा, जामा मस्जिद, हमीदिया रुग्णालय. बेगमांच्या काळापासून वसलेले हे शहर. येथे जरी-जरदोजीचे कारागीर, भोपाळी बटवे शिवणाऱ्या बाया, बिडी वळणारी घरे, टांगेवाले, स्टेशनवरचे हमाल राहत. मुसलमान होते, हिंदू होते, फाळणीनंतर आलेले सिंधी व्यापारी होते. वायूने कोणाचे नाव विचारले नाही, पण पत्ता मात्र विचारला. वारा कारखान्याकडून जुन्या शहराकडे वाहत होता. तलावांच्या पलीकडच्या टेकड्यांवर राहणारे साहेबलोक बहुतांशी वाचले. दाटीवाटीने, फटींच्या घरांत राहणारे सापडले. पुढे शहराच्या 56 प्रभागांपैकी 36 प्रभाग वायुबाधित ठरवण्यात आले.

आम्ही कापडाचा धंदा करतो, म्हणून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या रात्री तोंडावर आणि डोळ्यांवर ओले कापड धरावे, आणि वाऱ्याच्या दिशेने न पळता आडवे बाजूला निघावे, एवढे लोकांना आधी सांगितलेले असते तर कितीतरी जीव वाचले असते. कोणत्या घरात ओढणी नव्हती? कोणत्या घरात लुंगी, टॉवेल, चादर नव्हती? हातभर कापड आणि लोटाभर पाणी, हे औषध प्रत्येक घरात होते. त्याचा उपयोग सांगणारा कोणी नव्हता. लोक उठले, खोकत बाहेर आले आणि वाऱ्याबरोबर धावत सुटले. वायू त्यांच्याबरोबर धावत राहिला.

कारखान्याचा भोंगा बाहेरच्या लोकांसाठीही होता. तो वाजला आणि काही मिनिटांत बंद केला गेला. पुन्हा मोठ्याने वाजला तेव्हा दोन वाजत आले होते आणि रस्त्यांवर प्रेते पडू लागली होती. हमीदिया रुग्णालयात हजारोंची रांग लागली. कशावर उपचार करायचा हे डॉक्टरांना माहीत नव्हते. कारखान्याच्या डॉक्टराकडून कळले ते एवढेच की हा अश्रुधुरासारखा त्रास आहे. उलट स्टेशनवर गुलाम दस्तगीर आणि त्यांचे सहकारी होते. त्यांच्याकडे कोणताही कागद नव्हता, कोणतीही सूचना नव्हती. त्यांनी फलाटावरची गाडी वेळेआधी पुढे काढली, आजूबाजूच्या स्टेशनांना गाड्या थांबवण्याचे निरोप दिले आणि स्वतः वायूत उभे राहिले. ज्यांच्याकडे माहिती होती त्यांनी ती दाबली, आणि ज्यांच्याकडे फक्त जबाबदारीची जाणीव होती त्यांनी माणसे वाचवली. त्या रात्रीचा सारा हिशेब या एका वाक्यात आहे.

बाजाराचे काय झाले?

मृतांचे आकडे सर्वांनी ऐकले आहेत. मध्य प्रदेश सरकारने 3,787 हा आकडा दिला. पुढे नुकसानभरपाईच्या कामात 5,295 मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना यापेक्षा कितीतरी मोठा आकडा सांगतात. पण जे जगले त्यांच्या रोजीचे काय झाले, हे फार थोड्यांनी लिहिले.

कारागिराचे भांडवल म्हणजे त्याचे डोळे, हात आणि दम. जरीकाम करणाऱ्याचे डोळे अधू झाले की त्याचे दुकान बंद झाले. हमालाची फुप्फुसे गेली की त्याची पाठ कितीही मजबूत असो, गोणी उचलत नाही. अशा माणसाला वीस पायऱ्या चढता येत नाहीत, पण वरून तो धडधाकट दिसतो. त्याला कोणी आजारी म्हणत नाही आणि कोणी कामही देत नाही. घटनेनंतर पंधरवड्याच्या आत, 16 डिसेंबर 1984 पासून उरलेले रसायन वापरून संपवण्यासाठी सरकारने 'ऑपरेशन फेथ' हाती घेतले, तेव्हा पुन्हा भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले. बाजार ओस पडला. ज्याची उधारी गावात होती त्याची उधारी गेली, ज्याचा माल रस्त्यात होता त्याचा माल अडकला.

सरकारने बाधित बायकांसाठी शिवणकामाची केंद्रे उघडली आणि थोड्याच काळात बंद केली. तेथूनच भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटन उभे राहिले. अब्दुल जब्बार यांनी ती चळवळ वर्षानुवर्षे चालवली. 2019 मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे म्हणणे सरळ होते की खैरात नको, रोजगार हवा. ही मागणी मुळात एका कारागिराची मागणी आहे. बिडी कामगार रशीदा बी आणि त्यांच्या सहकारी चंपादेवी शुक्ला सरकारी कामाच्या शेडमधूनच पुढे आल्या. 1989 मध्ये त्यांच्याबरोबरच्या बाया भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी चालत गेल्या. 2004 मध्ये या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पडद्यात राहणाऱ्या, कधी मोहल्ल्याबाहेर न गेलेल्या बायांनी जे मागितले, ते मागायला आपल्यासारख्या बाजारात वावरणाऱ्या माणसांना संकोच का वाटावा?

बिल कोणी चुकवले?

आता शेवटचा ताळेबंद. 1985 मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा हक्क भारत सरकारकडे घेतला. त्या कायद्यात धंदा किंवा रोजगार बुडाल्याचा दावाही धरलेला होता. फेब्रुवारी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. 47 कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे 715 कोटी रुपये. हा आकडा ठरवताना सुमारे तीन हजार मृत्यू आणि एक लाखाच्या आसपास जखमी धरले होते. प्रत्यक्षात दहा लाखांहून अधिक दावे आले आणि सुमारे पावणेसहा लाख लोकांना भरपाई मंजूर झाली. म्हणजे माल पाचपटीपेक्षा जास्त निघाला, पण बिल मात्र पहिल्या अंदाजाचेच चुकते झाले. 715 कोटींना पावणेसहा लाखांनी भागून पाहा. माणशी साडेबारा हजारांच्या आसपास येतात. व्याज आणि डॉलरचा भाव वाढला म्हणून बहुतेक जखमींना 25 हजार मिळाले, आणि 2004 च्या निकालानंतर आणखी तेवढेच. एका जन्माच्या फुप्फुसांची ही किंमत! आपल्या बाजारात एका जुन्या लूमलासुद्धा एवढी घासाघीस होत नाही.

मोठी भरपाई मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 14 मार्च 2023 रोजी फेटाळली. फौजदारी खटल्यात भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना 7 जून 2010 रोजी दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीन मिळाला. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन 1984 मध्ये अटक होऊन जामिनावर सुटले, ते भारतातील न्यायालयासमोर पुन्हा उभे राहिले नाहीत. 2014 मध्ये अमेरिकेत त्यांचा मृत्यू झाला. 2001 मध्ये युनियन कार्बाइड ही डाउ केमिकलने विकत घेतली आणि जुन्या जबाबदारीशी आपला संबंध नाही असे सांगितले. दुकान विकत घेताना गुडविल घ्यायचे आणि देणी सोडून द्यायची, हा कुठला व्यवहार?

कारखान्यातला विषारी कचरा चाळीस वर्षे तेथेच पडून होता. आसपासच्या वस्त्यांचे जमिनीतले पाणी खराब झाले आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यांना नळाचे स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला. अखेर जानेवारी 2025 मध्ये 337 टन कचरा बारा कंटेनरमधून पिथमपूरला नेला. तेथील लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा प्रश्न होता की भोपाळचे विष आमच्या गावात का? जून 2025 च्या अखेरीस तो जाळून संपवल्याचे सांगण्यात आले. पण आवारात आणि आवाराबाहेरच्या जुन्या तलावांच्या जागी गाडलेला माल हा वेगळाच हिशेब आहे. एका शहराच्या नावावर पडलेली जोखीम कमी करताना दुसऱ्या शहराला विचारले जात नाही, हे पिथमपूरने दाखवून दिले.

कोणीच सांगितले नव्हते का?

सांगितले होते. डिसेंबर 1981 मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार मेला. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 1982 मध्ये 'रपट' नावाच्या आपल्या छोट्या साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहून शहर ज्वालामुखीवर बसले आहे असे बजावले. एका वकिलाने 1983 मध्ये कंपनीला नोटीस दिली. कंपनीने सगळे आरोप नाकारले. डिसेंबर 1982 मध्ये विधानसभेत प्रश्न आला, तेव्हा कामगारमंत्र्यांनी उत्तर दिले की 25 कोटींची गुंतवणूक आहे, कारखाना म्हणजे काही उचलून दुसरीकडे ठेवण्याचा दगड नव्हे. त्या उत्तरात 25 कोटींचा हिशेब होता. भिंतीबाहेरच्या लाखो माणसांचा हिशेब कोणत्या वहीत होता? दोन वर्षांनी तो उघडला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच 1984 साली कारखान्यालगतच्या झोपड्यांना राज्य सरकारने जमिनीचे पट्टे दिले. लोकांना वाटले आपल्याला घर मिळाले. जोखमीचा कागद त्यासोबत कोणी दिला नाही.

आणि शहराचा बाजार? बाजारही गप्प होता. कारखान्याचा पगार झाला की चौकात गिऱ्हाईक येई. कारखाना म्हणजे शहराची शान, अशी समजूत होती. छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाला घबराट पसरवणारा म्हटले गेले. आम्ही भोपाळच्या व्यापाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते, आणि भीती याचीच वाटते.

आता आपल्या गल्लीत या

काही बांधव म्हणतील की हा मोठ्या परदेशी कंपनीचा विषय आहे. आपण लहान माणसे, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे.

एक बाजू अशी. आमचे गाव भिवंडी. त्याच ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीची एमआयडीसी आहे. कापडाच्या डाइंग-प्रोसेसचे कारखाने आणि रसायनांचे कारखाने तेथे शेजारी शेजारी आहेत, आणि रस्ता ओलांडला की घरे, शाळा, दुकाने. 26 मे 2016 रोजी तेथे एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. 12 माणसे गेली, शंभरावर जखमी झाली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात तसाच स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. पहिल्या स्फोटानंतर चौकशी झाली, घोषणा झाल्या. दोन्ही वेळा काचा शेजाऱ्यांच्याच फुटल्या.

दुसरी बाजू जास्त कडू आहे. भिंतीच्या आतले लोक कधीकधी आपण स्वतः असतो. आपल्या धंद्यात हायड्रो, कॉस्टिक, पेरॉक्साइड, ॲसिड, ब्लीचिंग पावडर रोजची आहे. हायड्रोच्या डब्यात ओल गेली की ते तापते, गंधकाचा जळजळीत वायू सोडते आणि पेटूही शकते. त्यावर थोडे पाणी मारले तर आग विझण्याऐवजी भडकते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र सांडले तर क्लोरीन वायू निघतो. पेरॉक्साइडचे पिंप सुताच्या चिंध्यांजवळ ठेवले तर लागलेली आग दुप्पट जोर धरते. भोपाळच्या टाकीत पाणी गेले आणि आपल्या गोदामात पत्र्यातून पावसाचे पाणी गळते. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जातीत नाही. वर गोदाम भाड्याने, खाली हमालांची खोली, शेजारी मदरशाची मुले, अशी किती ठिकाणे आपण रोज पाहतो? जागेचे भाडे वाचवण्यासाठी रसायन वस्तीत ठेवणारा व्यापारी आणि वीज वाचवण्यासाठी टाकीचे थंडीकरण बंद करणारी कंपनी, यांच्या हिशेबाची पद्धत एकच आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही बाजारात शिकलो आणि इंग्रजी बिलांवरून. म्हणून पिंपावरच्या लेबलाची गोष्ट आम्हाला ठाऊक आहे. लेबल इंग्रजीत, उचलणारा बिहार-यूपीचा किंवा आपल्याच मोहल्ल्याचा मुलगा, त्याला ते वाचता येत नाही. मालक वाचू शकतो, पण वाचत नाही. भोपाळच्या कामगारांची तक्रार हीच होती. ती आपल्या गोदामात का ऐकू येत नाही?

कायदा काय म्हणतो, आणि कोठे थांबतो

भोपाळनंतर कायदे झाले हे खरे. 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये तत्त्व सांगितले की जो स्वतःच्या नफ्यासाठी धोकादायक उद्योग करतो, त्याच्यावर नुकसानीची पूर्ण जबाबदारी राहील. आम्ही काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. हे तर आपल्याच बाजाराचे तत्त्व आहे. नफा ज्याचा, जोखीम त्याची. 1989 च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत म्हटले आहे की मोठा अपघात झाल्यास ज्यांना बाधा पोहोचू शकते त्या बाहेरच्या लोकांना आधीच माहिती द्यावी, आणि कारखान्याबाहेरच्या बचावाची योजना जिल्हा पातळीवर तयार असावी. 1991 मध्ये बाहेरच्या लोकांसाठी विम्याचा कायदा झाला. 1996 च्या नियमांनी जिल्ह्यात आणि औद्योगिक क्षेत्रात आपत्तीच्या समित्या नेमण्यास सांगितले.

पण हे मोठ्या अपघाताचे नियम रसायनाच्या ठराविक साठ्याच्या वर लागू होतात. आपली गल्लीतली गोदामे बहुधा त्याच्या खाली राहतात. म्हणजे जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे आपल्याच इमानाचा हात पोहोचला पाहिजे. शेजारी हा आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. आणि जेथे कायद्याचा हात पोहोचतो, तेथेही मागणारा कोणी नसेल तर योजना कपाटातच राहते. आपल्यापैकी किती जणांनी जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारले आहे की आमच्या भागासाठी काय योजना आहे?

काही जणांची भीती अशी असते की असे प्रश्न विचारले तर कारखाने निघून जातील आणि रोजगार बुडेल. कारखाने हवेतच. कारखान्याशिवाय आपला बाजार चालत नाही आणि रसायनाशिवाय कापड रंगत नाही. पण ज्या कारखान्याला शेजाऱ्याला खरे सांगून चालता येत नाही, तो शेजाऱ्याच्या भांडवलावर चालतो. आणि भोपाळमध्ये रोजगार कोणी बुडवला? प्रश्न विचारणाऱ्या केसवानींनी की उत्तर न देणाऱ्या कंपनीने?

एवढे तरी करू या

आमच्या सूचना साध्या आहेत. आपल्या गोदामात काय माल आहे, किती आहे, याची यादी दारावर मराठी, हिंदी आणि उर्दूत लावावी. ज्या मालाचे एकमेकांशी वैर आहे तो वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावा आणि त्याच छताखाली कोणाला झोपू देऊ नये. जवळच्या अग्निशमन केंद्राला ही यादी द्यावी, म्हणजे बंबवाल्यांना पाणी मारायचे की वाळू, हे दारात पोहोचण्याआधी कळेल. व्यापारी संघटनांनी जिल्हा प्रशासनाकडे लेखी अर्ज करून आसपासच्या मोठ्या कारखान्यांच्या आपत्ती योजनेची माहिती मागावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. भोपाळमध्ये लाखो लोकांकडे आपला हक्क सिद्ध करायला कागद नव्हता, हे विसरू नये. आणि मोहल्ल्यात मस्जिद, मंदिर, शाळा यांच्या लाऊडस्पीकरवरून धोक्याचा निरोप कोणी द्यायचा, कोणत्या शब्दांत द्यायचा, हे आधीच ठरवावे. ओले कापड तोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे निघा, एवढे दोन वाक्यांचे शिक्षण प्रत्येक मुलाला देता येते. त्याला एक पैसा लागत नाही.

भोपाळच्या लोकांना त्यांच्या शेजारच्या टाकीत काय आहे हे ती फुटल्यावर कळले. आपल्याला आजच विचारता येते. तोट्यात जर आपल्याला भागीदार धरले जाणार असेल, तर वही पाहण्याचा हक्क आपला आहे. आणि आपल्या गोदामाची वही पाहण्याचा हक्क आपल्या शेजाऱ्याचा आहे. पहिला हक्क मागण्याआधी दुसरा देऊन टाकला, तर आपल्या मागणीला वजन येईल.